रक्तातलं आणि ताटातलं

आपल्याकडे मुलगी बघायला गेलं की जाणती माणसं आधी तिच्या आईकडे बघतात. खाण तशी माती, असं म्हणतात. आईचे केस, आईची चाल, आईचं बोलणं. मग आजोळी कुणाला दमा आहे का, कुणाला कोड आहे का, याची हळूच चौकशी. ही चौकशी करणारे डॉक्टर नसत, पण काही आजार घराण्यातून उतरतात एवढं त्यांना अनुभवानं ठाऊक होतं. आता तीच चौकशी थोड्याशा रक्तावर किंवा थुंकीवर होते आणि तिचा छापील कागद हातात येतो. कागद आला की पुढचे प्रश्न प्रयोगशाळेचे राहत नाहीत, आपले होतात. घरात एकाला आजार निघाला तर बाकीच्यांनी आपलं रक्त तपासून घ्यावं का? तपासून जे कळेल ते कुणाचं? ज्याचं रक्त त्याचं, त्याच्या आईबापांचं, की ती मुलगी उद्या ज्या घरी जाणार त्या घराचं?

हा प्रश्न मी उगाच उकरून काढलेला नाही. दोन वर्षांपूर्वी तो आमच्या नात्यात आला. माझी नणंद हुबळीत असते, आम्ही तारिहाळला. तिचा धाकटा मुलगा तेव्हा बारा वर्षांचा, पण दिसायला आठ-नऊचा. पोट फुगलेलं, हातपाय काटकुळे, रक्त कायम कमी. जंताचं औषध झालं, लोहाच्या बाटल्या झाल्या, "आईचं लक्ष नाही, पोरगं नीट खात नाही" हेही तिनं ऐकून घेतलं. शेवटी एका डॉक्टरांनी वेगळी रक्ततपासणी सांगितली, मग दुर्बीण घालून लहान आतड्याचा बारीक तुकडा काढून तपासला, आणि 'सिलिॲक' हा शब्द आमच्या घरात पहिल्यांदा उच्चारला गेला. डॉक्टर म्हणाले, आईवडिलांची आणि बहिणीचीही तपासणी करून घ्या. आईवडिलांनी केली. बहिणीपाशी येऊन गाडं अडलं. ती एकवीस वर्षांची, एम.कॉम. करत होती, आणि घरात तिच्यासाठी स्थळं बघणं सुरू होतं. तिची हकीकत मी तिला विचारूनच लिहितेय. "नाव घालू नका मामी, बाकी लिहा," म्हणाली.

आधी आजार काय आहे ते सांगते, कारण तो नीट न कळल्यानंच निम्मं भांडण झालं. लोक याला 'गव्हाची ॲलर्जी' म्हणतात. ती ॲलर्जी नव्हे. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं. कणीक मळल्यावर तिला जो चिवटपणा येतो तो त्याचाच. काही माणसांच्या शरीरातली रोगाशी लढणारी यंत्रणा या ग्लूटेनला शत्रू समजते आणि त्याच्याशी लढताना स्वतःच्याच लहान आतड्याचं अस्तर झिजवते. त्या अस्तरावर मखमलीच्या लवेसारखे बारीक उंचवटे असतात. अन्नातलं सत्त्व तेच शोषून घेतात. ते सपाट झाले की ताटात काहीही वाढा, अंगी लागत नाही. मूल खुरटतं, रक्त वाढत नाही. मोठ्या माणसांची हाडं ठिसूळ होतात, काही बायकांना दिवस राहायला अडचण येते. उपाय एकच, गहू आणि जव कायमचे बंद. ते नीट पाळलं की बहुतेकांचं आतडं हळूहळू भरून येतं.

हे कळायलाही जगाला किती काळ लागला! लंडनचे डॉक्टर सॅम्युअल गी यांनी १८८८ साली या आजाराचं नेमकं वर्णन केलं आणि उपाय निघालाच तर तो आहारातून निघेल असंही सांगितलं. पण कोणता आहार, हे त्यांना सापडलं नाही. हॉलंडचे बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून गव्हाचा संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला, मोठी उपासमार झाली. त्या काळानं डिके यांच्या संशयाला बळ दिलं, आणि १९५० साली त्यांनी आपला प्रबंध मांडला. तोवर किती आयांनी खुरटलेल्या लेकराच्या अंगी लागावं म्हणून त्याला आणखी एक घास पावाचाच भरवला असेल. माझ्या नणंदेनंही तुपाचा हात सोडून गव्हाचा शिरा केला होता, रोज. तिचं प्रेम खरंच होतं, पण त्या पोराच्या आतड्याला ज्ञान हवं होतं.

आता तपासण्यांबद्दल. मी कला शाखेची, गुणसूत्रं शाळेत शिकले तेवढीच. तरी डॉक्टरांना विचारून विचारून एक गोष्ट मी पक्की समजून घेतली, ती अशी की इथं दोन निरनिराळ्या तपासण्या असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. पहिली, रक्तातल्या प्रतिपिंडांची. आतड्याशी लढाई आज चालू आहे का, हे ती सांगते. ती करण्याआधी गहू सोडायचा नसतो. सोडला तर लढाई थंडावते आणि तपासणी खोटाच दिलासा देते. दुसरी तपासणी जनुकांची. सहाव्या गुणसूत्रावर एचएलए नावाची जनुकं असतात. त्यांतले डीक्यू २ आणि डीक्यू ८ हे दोन प्रकार सिलिॲकशी जोडलेले आहेत. सिलिॲक झालेल्या जवळजवळ प्रत्येकात या दोहोंपैकी एक तरी सापडतो. म्हणून तपासणीत दोन्ही नाहीत असं निघालं, तर त्या माणसाला हा आजार होण्याची शक्यता जवळपास नाहीच. त्यानं निश्चिंत राहावं, पुन्हा पुन्हा सुया टोचून घेऊ नयेत.

पण ते आहेत असं निघालं तर? तर फारसं काहीच कळत नाही. धडधाकट माणसांतही शंभरात तीस-चाळीस जणांकडे ही जनुकं असतात आणि त्यातल्या अगदी मोजक्यांना, शंभरात दोन-तीन जणांना, आजार होतो. घरात आधीच एक रुग्ण असेल तर धोका वाढतो. रुग्णाच्या आईबाप, भावंडं, मुलं अशा जवळच्या नातेवाइकांत शंभरात सात-आठ जणांना सिलिॲक असल्याचं बऱ्याच अभ्यासांच्या एकत्रित हिशेबातून दिसलं आहे, आणि बहिणींना व मुलींना तो धोका भावांपेक्षा, मुलग्यांपेक्षा जास्त. म्हणजे डॉक्टरांनी त्या मुलीची तपासणी सांगितली ती काळजीपोटी. घरानं ती अडवली, तीही काळजीपोटीच.

अडवणारी होती नणंदेची सासू. वाईट बाई नव्हे. नातवासाठी स्वतः जोंधळ्याचं पीठ चाळून देणारी. पण मला म्हणाली, "तारिहाळच्या वहिनी, तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हीच सांगा. पोराला निघालं ते निघालं. पोरीच्या कपाळावर शिक्का कशाला? उद्या स्थळाकडून कुणी विचारलं तर काय सांगायचं?" दुसऱ्या दमात म्हणाली, "आमच्या घराण्यात असलं काही नव्हतं. आधी आईबापांची ती जनुकांची तपासणी करा, कळू दे कुणाकडून आलं." नणंद खाली मान घालून ताट पुसत होती.

हा 'कुणाकडून आलं'चा प्रश्न फार जुना आहे, आणि त्याचं उत्तर बहुधा आधीच ठरलेलं असतं: सुनेकडून. जनुकतपासणीचा याहून वाईट उपयोग मला सुचत नाही. आणि शास्त्रही त्याला साथ देत नाही. ज्या जनुकाला घेऊन दोष द्यायचा ते दर तिसऱ्या माणसात आहे, मग कुणाचं घराणं त्यातून सुटलं? काही मुलांत तर त्या डीक्यू २ चे दोन भाग वेगवेगळे आलेले असतात, एक आईकडून, एक बापाकडून. दोघांचे मिळून ते एक होतं. मी सासूबाईंना एवढंच म्हणाले, की ज्या तपासणीनं मुलाच्या ताटात काहीच बदलणार नाही, ती कशाला करायची? त्याला आजार आहे हे आधीच कळलं आहे. ही तपासणी पोराच्या उपयोगाची नाही, ती फक्त भांडणाच्या उपयोगाची आहे. ती झाली नाही.

मुलीच्या तपासणीचं मात्र वेगळं होतं. तिथं ताटातलं बदलू शकत होतं. तिला आजार असला आणि कळला नाही, तर पुढे रक्तक्षय, ठिसूळ हाडं, बाळंतपणाच्या अडचणी. म्हणजे लग्न जमावं म्हणून जे लपवायचं, तेच लग्नानंतर तिच्या अंगावर येणार. आम्ही सगळी स्वयंपाकघरात बसून यावर बोलत होतो तेव्हा ती मुलगी दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "माझ्या रक्ताबद्दल बोलताय ना? मग मला विचारा की." सगळी गप्प झाली. खरं तर इतका वेळ कुणी तिला विचारलंच नव्हतं.

तिनं स्वतः जाऊन दोन्ही तपासण्या केल्या. प्रतिपिंडं नाहीत. म्हणजे आजार नाही. जनुक मात्र आहे.

या निकालानं कुणाचंच समाधान झालं नाही. आजार असता तर दुःख करता आलं असतं, काहीच नसतं तर पेढे वाटता आले असते. 'आहे पण नाही' याचं काय करायचं हे आपल्याला माहीत नसतं. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे आहेच की!" वडील म्हणाले, "म्हणजे काही नाही." आणि आईनं त्या दिवसापासून तिच्याही ताटातली चपाती बंद केली, जी डॉक्टरांनी बंद करायला सांगितलेली नव्हती.

इथं मला आपल्या कर्मसिद्धांतातले दोन शब्द आठवले, सत्ता आणि उदय. कर्म बांधलेलं असतं, सत्तेत पडून असतं, आणि तरी फळ देत नाही. ते उदयाला यायला द्रव्य, क्षेत्र, काळ, भाव यांची सांगड लागते. जनुक म्हणजे कर्म, असं मला मुळीच म्हणायचं नाही. रोग्याला 'पूर्वकर्म' म्हणून टोचणाऱ्यांची मला चीड आहे. पण 'असणं' आणि 'उदयाला येणं' या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हा विचार ज्यांच्या बालबोधातच आला आहे, त्या आपल्या घरांना तरी हा कागद वाचता यायला हवा.

आणि या बाबतीत दाखला आपल्याच देशातला आहे. भारतातल्या डॉक्टरांनी २३ हजारांवर प्रौढांची पाहणी करून २०१६ साली ती प्रसिद्ध केली. सिलिॲकची प्रतिपिंडं उत्तर भारतात शंभरात १.२३ लोकांत सापडली, ईशान्येत ०.८७, आणि दक्षिणेत फक्त ०.१०. उत्तरेच्या मानानं दक्षिणेत बाराव्या हिश्शानं. मग दक्षिणेतल्यांच्या रक्तात ती जनुकं नाहीत का? तर आहेत. उत्तरेत ३८.१ टक्के लोकांत, दक्षिणेत ३६.४ टक्के लोकांत. जवळजवळ सारखी. फरक होता तो रोजच्या खाण्यातल्या गव्हात. पाहणीतल्या उत्तरेच्या लोकांचा सरासरी ४५५ ग्रॅम, दक्षिणेचा २५ ग्रॅम. निव्वळ गव्हानंच हे सगळं होतं असं कुणी म्हणू नये, पण द्रव्य आणि क्षेत्र बदललं की सत्तेतलं उदयाला येतं किंवा येत नाही, याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

आमचा हा भाग तर दोन्हींच्या मधला. जोंधळ्याची भाकरी, इथल्या भाषेत जोळद रोट्टी, हे इथलं रोजचं अन्न. गहू यायचा तो सणाला, होळिगेत आणि लग्नातल्या हुग्गीत. माझ्या सासूबाईंच्या काळात रोज चपाती म्हणजे श्रीमंती. आता तारिहाळच्या वसाहतीत सकाळी कारखान्यात जाणारी पोरं चहाबरोबर पाव, बिस्किटं, टोस्ट खातात. घरी डब्याला चपाती, कारण भाकरी थापायला वेळ नाही आणि थापता येणाऱ्या सुना कमी. रक्त पणजीचंच आहे, ताट मात्र दोन पिढ्यांत बदललं.

यावर कुणी म्हणेल, मग सगळ्यांनीच गहू सोडावा. नको. हल्ली ती एक टूमच निघाली आहे. कुणाला गहू खाल्ला की पोट जड वाटतं, गॅस होतो, डोकं दुखतं. सिलिॲकची तपासणी केली तर काही निघत नाही. याला ग्लूटेनची संवेदनशीलता म्हणतात. तो त्रास खोटा नसतो. पण त्यासाठी कुठलीही जनुकतपासणी नाही, रक्तातली खूण नाही. बाकीचं सगळं नाही असं ठरल्यावर उरतं ते हे. ऑस्ट्रेलिया आणि नॉर्वेतल्या संशोधकांनी अशा लोकांना कळू न देता ग्लूटेन देऊन पाहिलं, तर पुष्कळांना ग्लूटेननं त्रास झालाच नाही. नॉर्वेतल्या २०१८ च्या पाहणीत दोष ग्लूटेनपेक्षा फ्रुक्टान या गव्हातल्याच पिठूळ घटकाकडे जास्त झुकला. हे फ्रुक्टान कांद्यात आणि लसणातही भरपूर असतं. आपल्या घरांत ते ताटात येत नाही, म्हणून फुशारकी मारायचं कारण नाही. पण बाहेर जेवून आल्यावर होणाऱ्या त्रासाचं खापर गव्हावर फोडण्याआधी भाजीत काय होतं ते आठवावं. थुंकी पाठवून 'तुम्हाला ग्लूटेन सोसतं का' सांगणाऱ्या जाहिरातींना तर भुलूच नये. त्या तपासणीत दिसणार ती डीक्यू जनुकंच, आणि ती तर तिघांमागे एकात निघणारच. तसंच खपली गव्हाचं. आमच्या धारवाडच्या कृषी विद्यापीठानं त्याच्या डीडीके १०२५, डीडीके १०२९ अशा चांगल्या जाती काढल्या आहेत. खपलीची खीर मलाही प्रिय. पण खपली हा गहूच, त्यात ग्लूटेन आहेच. सिलिॲकच्या पोराला 'हा देशी आहे, चालतो' म्हणून खपली देणं म्हणजे त्याला आजारच देणं.

ज्याला खरंच आजार आहे, त्याच्या घरावर काय जबाबदारी येते ते मी नणंदेकडे पाहिलं. डब्यावर 'ग्लूटेनमुक्त' लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन नसावं असा आपल्या देशाचा नियम आहे. हाताला लागलेली कणीकसुद्धा याहून जास्त होते. म्हणून गिरणीत गव्हानंतर दळलेला जोंधळा चालत नाही. पोळपाट वेगळा, तवा वेगळा, चाळणी वेगळी. आणि हिंग! आपल्या घरांत फोडणीची सगळी भिस्त हिंगावर. बाजारातल्या बांधणीच्या हिंगात पुष्कळदा मैदा घातलेला असतो, हे नणंदेला चार महिन्यांनी कळलं. सगळं सोडूनही पोराचा त्रास का थांबत नाही, याचं उत्तर फोडणीत होतं.

हे ऐकून कुणी हबकून जाईल. पण मला वाटलं, हे आपल्याला जमू नये तर कुणाला जमावं? पाणी गाळून घेणं, धान्य एकेक निवडून घेणं, कंदमूळ टाळणं, दिवस मावळायच्या आत जेवणं, हे सगळं आपण डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांसाठी करतो. मग डोळ्यांसमोर खुरटणाऱ्या एका जिवासाठी वेगळा पोळपाट ठेवणं जड का जावं? तरी ते जड जातं. दशलक्षण पर्वात बस्तीत जेवण होतं, तेव्हा एका काकींनी त्याच्या पानात शिरा वाढला. तो नको म्हणाला तर म्हणाल्या, "देवाचं आहे, एवढ्यानं काही होत नाही." पोरानं सगळ्यांसमोर लाजून खाल्ला, आणि तीन दिवस आजारी पडला. त्या काकींना दुष्ट म्हणता येणार नाही. पण न कळता घडलेली हिंसाही हिंसाच, हे आपण मुंगीच्या बाबतीत मानतो.

आता मूळ प्रश्नाकडे येते. त्या मुलीचा कागद कुणाचा?

मी असं मानते की तपासणी करावी की नाही याचं माप एकच, कळल्यावर ज्याचं रक्त त्याचं काही हित होणार आहे का? जगात असेही आनुवंशिक आजार आहेत, उदाहरणार्थ हंटिंग्टनचा मेंदूचा आजार, ज्यावर मूळ उपाय नाही आणि जो सहसा तिशी-चाळिशीत दिसू लागतो. अशा आजाराची लक्षणं नसलेल्या लहान मुलाची तपासणी डॉक्टर सहसा करत नाहीत; मोठं झाल्यावर जाणून घ्यायचं की नाही हे त्याचं त्यानं ठरवावं म्हणून. सिलिॲक तसा नाही. त्याला उपाय आहे, तोही ताटातला. म्हणून रुग्णाच्या भावंडांची तपासणी व्हावी, मूल लहान असेल तर आईबापांनी करून घ्यावी, आणि मोठं असेल तर त्याला विचारून. 'विचारून' हा शब्द मी मुद्दाम लिहितेय. घरातल्या मुलीच्या बाबतीत आपण तो हमखास विसरतो.

कळलेलं कुणाला सांगायचं, याचं माप वेगळं. रक्ताच्या माणसांना सांगावंच लागतं. त्या पोराचा आजार लपवला असता तर त्याच्या आत्याच्या आणि मामाच्या मुलांनाही तपासणी सुचली नसती. आपलं रक्त एकट्याचं नसतं, त्यातली बातमी ज्यांना उपयोगाची आहे त्यांच्यापासून ती दडवणं हा अन्याय आहे. पण विमा कंपनी, शेजारी, स्थळं आणणारे मध्यस्थ यांचा तिच्यावर हक्क नाही. अमेरिकेत २००८ साली कायदा करून आरोग्यविमा कंपन्यांना आणि नोकरी देणाऱ्यांना जनुकांवरून भेदभाव करायला बंदी घातली गेली. आपल्याकडे २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयानं एका विम्याच्या खटल्यात, 'आनुवंशिक आजार' एवढ्या मोघम शब्दावर दावा नाकारणं हा भेदभाव आहे असं म्हटलं. ते प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. मध्यस्थांवर मात्र कुठलाच कायदा चालत नाही, तिथं आपणच शहाणपण दाखवायचं.

आणि स्थळ? यावर आमच्यात बरेच दिवस वाद झाला. वडिलांचं म्हणणं, काही सांगू नये. माझे यजमान म्हणाले, सांगितलं नाही तर ते असत्य होईल. मी दोघांचंही पुरतं मान्य केलं नाही. आजार असेल तर सांगितलाच पाहिजे, आणि लग्नाआधी. ज्याच्याबरोबर एक चूल मांडायची त्याला चुलीवर काय चालत नाही हे ठाऊक असायला हवं. पण आजार नाही, नुसता संभव आहे, तोही असा की समोरच्या घरातल्या तीन माणसांमागे एकात असण्याची शक्यता, तर तो पत्रिकेसारखा पुढे ठेवण्यात सत्य कमी आणि भीती जास्त. मुलाकडच्यांनी आपलं रक्त तपासून आणलं आहे का? श्रावकाच्या सत्याणुव्रतातही, दुसऱ्यावर संकट येईल असं खरं बोलू नये, असं सांगितलं आहे. हित, मित आणि प्रिय अशी वाणी असावी म्हणतात. हा कागद मध्यस्थाच्या हाती देण्यात हित कुणाचं?

तरी एक गोष्ट राहते, ती मी टाळत नाही. उद्या तिला मुलं झाली तर प्रत्येकात ते जनुक उतरण्याची शक्यता निम्मी तरी आहे. तेव्हा ते मुलांच्या हिताचं होईल, आणि नवऱ्याला ते ठाऊक असायला हवं. म्हणजे हे कायम लपवायचं गुपित नाही, वेळ आल्यावर विश्वासानं सांगायची गोष्ट आहे. केव्हा सांगायचं ते तिनं ठरवावं. ती म्हणाली, "मामी, भावाचा आजार मी पहिल्या भेटीतच सांगणार. तो ऐकून जो उठून जाईल, तो माझ्या भावाला राखीपौर्णिमेला घरी जेवू काय घालणार?" मला वाटलं, आम्ही सगळ्यांनी मिळून जे माप शोधत होतो ते या मुलीला आधीच सापडलं होतं.

ज्या घरांत असा कागद येईल, त्या घरांतल्या बायांना माझं सांगणं आहे. तो आधी ज्याचा आहे त्याच्या हातात द्या. त्यात 'आजार' लिहिलंय की 'संभव', हे डॉक्टरांकडून दोनदा समजून घ्या. संभव असेल तर त्या मुलाच्या ताटातलं काही काढून घेऊ नका. डॉक्टर सांगतील तेव्हा प्रतिपिंडांची तपासणी पुन्हा करा आणि पोटभर जेवू द्या. आजार असेल तर पोळपाट वेगळा करा, हिंग बदला, दळण वेगळ्या गिरणीतून किंवा घरच्या चक्कीतून आणा, आणि बस्तीत जेवायला बसताना त्याच्या शेजारी बसा. कुणी आग्रहानं शिरा वाढायला आलं, तर त्यानं लाजून नको म्हणायच्या आत तुम्ही नको म्हणा.